दोन मॉनिटर, एक कीबोर्ड: मराठी लेआउट मध्येच इंग्रजी का होतो?

शब्दवेल
नमस्कार मंडळी. मी घरून भाषांतराचं काम करते. इंग्रजी मूळ मजकूर उजव्या मॉनिटरवर आणि लिब्रेऑफिस रायटर डाव्या मॉनिटरवर, अशी मांडणी आहे. लिनक्सचं डेबियन १२, एक्सएफसीई डेस्कटॉप, मराठीसाठी इन्स्क्रिप्ट हा देवनागरी लेआउट.

त्रास असा की मराठीत टाइप करता करता लेआउट अचानक इंग्रजी होतो. ‘मराठी’ लिहायला जावं तर पडद्यावर सी, जे, ई, मग दुहेरी अवतरणचिन्ह आणि शेवटी आर. कधी उजवीकडे शब्द शोधून परत आलं की असं होतं, कधी टाइप करत असतानाच. शिवाय जेवून परत आले की बरेचदा मराठी लेआउट मुळातच गायब असतो. अल्ट-शिफ्ट कितीही दाबा, ढिम्म हलत नाही. लॉगआउट करून पुन्हा आत आलं की सगळं जागेवर.

लेआउट मी लॉगिनच्या वेळी आपोआप चालणाऱ्या कमांडमधून लावते, सेटएक्सकेबीमॅप वापरून. एकच मॉनिटर होता तोवर ही भानगड नव्हती, म्हणून दुसऱ्या मॉनिटरशीच काहीतरी संबंध असणार असं वाटतं. मुदतीची कामं असतात, दर दहा मिनिटांनी हे झालं की रडकुंडीला यायला होतं. कोणी सुचवू शकेल का?

पेंग्विनवाट
शब्दवेल, आधी दोन गोष्टी सांगा. कीबोर्डची वायर नेमकी कुठे लावली आहे, थेट संगणकाला की मॉनिटरच्या मागच्या यूएसबी पोर्टला? आणि पॅनेलवर लेआउट दाखवणारं जे चिन्ह आहे, त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘मॅनेज लेआउट’समोर काय निवडलेलं आहे?

गारवा
+१. माझ्याकडे उबुंटू २४.०४ आणि ग्नोम डेस्कटॉप आहे. अगदी असंच नाही, पण याच जातीचं दुखणं आहे. वाचते आहे.

शब्दवेल
कीबोर्ड आणि माउस दोन्ही डाव्या मॉनिटरच्या मागे लावलेत. टेबलावर वायरींचा गुंता नको म्हणून. आणि त्या प्रॉपर्टीजमध्ये प्रत्येक विंडोला वेगळा लेआउट, असा पर्याय निवडलेला दिसतोय.

पेंग्विनवाट
मग तुम्हाला एक नाही, दोन वेगळे त्रास आहेत आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे कोडं वाटतंय. सविस्तर लिहितो. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाका.)

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करू. एक्स११ मध्ये, म्हणजे तुमच्या डेस्कटॉपखाली पडदा, कीबोर्ड आणि माउस सांभाळणाऱ्या यंत्रणेत, लेआउटला मॉनिटर माहीतच नसतो. २००७ साली रँडआर १.२ (मॉनिटर हाताळणारा तिचा भाग) आलं तेव्हापासून तुमचे दोन्ही मॉनिटर मिळून एक्स सर्व्हरच्या दृष्टीने एकच मोठा पडदा असतो. लेआउटचा हिशोब ठेवते तिच्यातलीच एक्सकेबी, आणि ती ठेवते कीबोर्डापुरता. कोणत्या स्क्रीनवर टाइप चाललंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. त्यामुळे ‘दुसऱ्या मॉनिटरवर गेलं की लेआउट बदलतो’ असं जेव्हा दिसतं, तेव्हा खरं तर दोनांपैकी एक घडलेलं असतं: एक तर फोकस (टाइप केलेलं जिकडे जातं ती जागा) दुसऱ्या विंडोवर गेला, नाहीतर कीबोर्ड क्षणभर निघून परत जोडला गेला. आधी यातलं कोणतं ते ठरवायचं. लोक ते न ठरवता सेटिंगांमागे सेटिंगं बदलत बसतात आणि मग मूळ अवस्था काय होती हेही कळेनासं होतं.

पहिला त्रास, टाइप करता करता बदलणारा लेआउट. हा ‘प्रत्येक विंडोला वेगळा लेआउट’ या पर्यायातून येतो. रायटर मराठीत, उजवीकडचा पीडीएफ वाचक इंग्रजीत, इथपर्यंत छान. पण नवी उघडणारी प्रत्येक विंडो यादीतल्या पहिल्या लेआउटवर, म्हणजे इंग्रजीवर सुरू होते. रायटरमधली ‘शोधा आणि बदला’ची चौकटसुद्धा सिस्टिमच्या लेखी वेगळी विंडोच. त्यातून चॅटच्या प्रोग्रामने उजवीकडे नवी विंडो उघडली आणि फोकस ओढून घेतला, तर तुमचा अर्धा शब्द तिकडे इंग्रजीत उमटणार. एकाच मॉनिटरवर हे लगेच लक्षात येतं, कारण नवी विंडो डोळ्यांसमोर येते. दोन मॉनिटर असले की ती नजरेच्या बाहेर उघडते.

म्हणून पॅनेलवरच्या त्या चिन्हाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ग्लोबली’, म्हणजे सगळीकडे एकच लेआउट, निवडा. विंडो मॅनेजरच्या सेटिंगमध्ये फोकसच्या पानावर ‘क्लिक टू फोकस’ आहे ना ते बघा. तिथे माउसमागे फोकस जाण्याचा पर्याय चालू असेल तर कोपराचा धक्का लागून माउस उजवीकडे सरकला तरी पुरे. नव्या विंडोला आपोआप फोकस देणारी खूणही त्याच पानावर काढता येते.

दुसरा त्रास, जेवणानंतरचा. तुम्ही उठलात की थोड्या वेळाने मॉनिटर झोपतो. बऱ्याच मॉनिटरांत झोपताना आतला यूएसबी हबही बंद होतो. म्हणजे तुमचा कीबोर्ड उपटला गेला. परत आल्यावर मॉनिटर जागा होतो, हब जागा होतो आणि एक्स सर्व्हरला वाटतं, नवा कीबोर्ड आला. सेटएक्सकेबीमॅप जे लावतं ते त्या क्षणी जोडलेल्या कीबोर्डांना. नंतर येणाऱ्या कीबोर्डाला सर्व्हर स्वतःच्या मूळ कॉन्फिगरेशनमधला लेआउट देतो. तुमच्या त्या कॉन्फिगरेशनमध्ये फक्त ‘यूएस’ (इंग्रजी) असणार, म्हणून मराठीही नाही आणि अल्ट-शिफ्टही नाही.

खात्री करून घ्या. टर्मिनलमध्ये सुडो जर्नलसीटीएल डॅश केएफ चालू ठेवा. दुसऱ्या टर्मिनलमधून एक्ससेट डीपीएमएस फोर्स ऑफ द्या, म्हणजे मॉनिटर लगेच झोपतील. काही मॉनिटर हब बंद करायला थोडा वेळ घेतात, तेव्हा चहा घेऊन या. परत आल्यावर पहिल्या टर्मिनलमध्ये ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ अशी ओळ दिसली की चोर सापडला.

कोकणकडा
एवढ्या उठाठेवीपेक्षा सरळ वेलँडवर, म्हणजे एक्स११ च्या जागी आलेल्या नव्या यंत्रणेवर, जा की. तिथे हा लेआउट हरवण्याचा प्रकार नाही, सगळं कंपोझिटर (विंडो पडद्यावर मांडणारा प्रोग्राम) सांभाळतो.

पेंग्विनवाट
कोकणकडा, म्हणणं अर्धं बरोबर आहे. वेलँडमध्ये लेआउट कंपोझिटरच्या ताब्यात असतो, त्यामुळे कीबोर्ड उपटून लावला तरी त्याला तोच लेआउट मिळतो. पण शब्दवेल एक्सएफसीईवर आहेत. डेबियन १२ मध्ये एक्सएफसीई ४.१८ आहे. वेलँडचा प्रायोगिक आधार आला तो डिसेंबर २०२४ च्या ४.२० पासून. मुदतीची कामं करणाऱ्या माणसाला अख्खा डेस्कटॉप बदलायला सांगणं मला पटत नाही. आणि विंडोगणिक लेआउटचा त्रास वेलँडवरही तसाच राहतो.

गारवा
तोच माझा त्रास. ग्नोम, वेलँड, दोन मॉनिटर. वरची पट्टी फक्त मुख्य मॉनिटरवर असते आणि सुपर-स्पेस दाबल्यावर भाषांची चौकटही तिकडेच उघडते. मी टाइप करते दुसऱ्या मॉनिटरवर. म्हणजे कोणती भाषा चालू आहे हे बघायला दर वेळी मान वळवायची. एक अक्षर टाइप करून बघायचं, चुकलं तर खोडायचं, असं चाललंय.

वाळवण
गारवा, सेटिंग्जमध्ये डिस्प्लेजच्या पानावर जाऊन ज्या मॉनिटरवर तुम्ही जास्त टाइप करता तोच प्रायमरी करा. पट्टी आणि चौकट दोन्ही तिकडे येतील. कीबोर्डच्या पानावर ‘सगळ्या विंडोंसाठी एकच इनपुट सोर्स’ आहे ना तेही पाहा.

केडीई डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठीही एक सांगतो, कारण यात बरेच जण फसतात. तिथे लेआउट बदलण्याच्या धोरणात ग्लोबल, डेस्कटॉप, ॲप्लिकेशन आणि विंडो असे चार पर्याय आहेत. यातला ‘डेस्कटॉप’ म्हणजे व्हर्च्युअल डेस्कटॉप, मॉनिटर नव्हे. एक व्हर्च्युअल डेस्कटॉप सगळ्या मॉनिटरांवर पसरलेला असतो, तेव्हा हा पर्याय निवडून डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी असं होणार नाही. केडीईत एक सोय मात्र चांगली आहे: लेआउट दाखवणारं विजेट दुसऱ्या मॉनिटरच्या पॅनेलवरही लावता येतं.

शब्दवेल
पेंग्विनवाट, अगदी तसंच निघालं! मॉनिटर झोपवला, थोडं थांबले आणि परत आले तर ‘यूएसबी डिस्कनेक्ट’च्या ओळी एकाखाली एक. एक माउसची, एक कीबोर्डची, एक हबची. आणि मराठी गायब.

गंमत म्हणजे सेटएक्सकेबीमॅप डॅश क्वेरी दिलं तर तिथे मात्र ‘यूएस, इन’ (इंग्रजी आणि भारतीय) दिसतंय. लेआउट लागलेला आहे असं ते सांगतंय, पण टाइप होत नाहीये. असं कसं?

पेंग्विनवाट
ती क्वेरी प्रत्यक्ष कीबोर्डाला विचारत नाही. सेटएक्सकेबीमॅप लेआउट लावताना रूट विंडोवर एक नोंद लिहून ठेवतं, क्वेरी तीच नोंद वाचून दाखवते. नव्याने आलेल्या कीबोर्डावर खरोखर काय लागलंय ते बघायचं तर एक्सकेबीकॉम्पने त्या कीबोर्डाचा नकाशा बाहेर काढावा लागतो. एक्सइनपुट लिस्ट दिलं की प्रत्येक कीबोर्डाचा आयडी मिळतो.

लॅपटॉपला वेगळा कीबोर्ड जोडणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा. प्रत्येक कीबोर्डाचा नकाशा स्वतंत्र असतो आणि ज्या कीबोर्डावर शेवटची कळ दाबली त्याचा नकाशा मुख्य कीबोर्डावर चढतो. लॅपटॉपवर मराठी येतं, बाहेरच्या कीबोर्डावर येत नाही, याचं कारण बरेचदा एवढंच.

आता कायमचा उपाय. लॉगिनच्या कमांडमधून सेटएक्सकेबीमॅप काढून टाका. डेबियन आणि उबुंटूत ईटीसी फोल्डरमध्ये डिफॉल्ट, त्यात कीबोर्ड नावाची फाइल असते. सुडोने ती उघडा. एक्सकेबीलेआउटच्या ओळीत ‘यूएस,इन’ लिहा. एक्सकेबीव्हेरियंटच्या (लेआउटच्या उपप्रकाराच्या) ओळीत आधी स्वल्पविराम आणि मग ‘मराठी’. तो स्वल्पविराम विसरू नका. त्याच्या आधीची रिकामी जागा ‘यूएस’साठी आहे. तो नसला तर ‘मराठी’ हा व्हेरियंट ‘यूएस’ला लागायला जातो आणि तसा काही व्हेरियंट नाही. नव्याने जोडलेल्या प्रत्येक कीबोर्डाला युडेव्ह (जोडलेली उपकरणं ओळखणारी सेवा) याच फाइलीतला लेआउट देतं, म्हणून मॉनिटर कितीदाही झोपला तरी फरक पडत नाही. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउटच्या पानावर ‘यूज सिस्टिम डिफॉल्ट्स’ चालू ठेवा, नाहीतर ते आपलं वेगळंच लावेल. मग संगणक एकदा रीस्टार्ट करा.

फेडोरा, आर्चवाल्यांनी लोकलसीटीएल सेट-एक्स११-कीमॅप वापरावं. ते झॉर्गच्या फोल्डरात ००-कीबोर्ड नावाची फाइल लिहितं, काम तेच.

जमत असेल तर कीबोर्ड थेट संगणकाला लावा, हेही सांगून ठेवतो. काही मॉनिटरांच्या मेनूत झोपेतही यूएसबी चालू ठेवण्याचा पर्याय असतो, तोही शोधून बघा.

वाळवण
पेंग्विनवाटांनी सांगितलंय ते करालच, पण त्याच फाइलीत एक्सकेबीऑप्शन्सची ओळ आहे, तिच्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. अल्ट-शिफ्ट, सुपर-स्पेस, कंट्रोल-शिफ्ट ही सगळी टॉगल आहेत, म्हणजे भाषा आलटून पालटून बदलणाऱ्या कळा. टॉगल वापरायचं तर आत्ता काय चालू आहे हे आधी माहीत हवं. एका स्क्रीनवर ते कोपऱ्यात दिसतं. दोन किंवा तीन मॉनिटर झाले की दर्शक एकीकडे, डोळे दुसरीकडे, आणि प्रत्येक वेळी अंदाजाने कळ दाबायची. गारवा एक अक्षर टाइप करून खोडतात ते यामुळेच.

त्याऐवजी भाषेची थेट निवड ठेवा. जीआरपी, विसर्गासारखं कोलन, आणि शिफ्ट_कॅप्स_स्विच असा पर्याय आहे. नुसतं कॅप्स लॉक दाबलं की पहिला लेआउट, म्हणजे इंग्रजी. शिफ्टसह कॅप्स लॉक दाबलं की दुसरा, म्हणजे मराठी. आधी काय चालू होतं याने काही फरक पडत नाही. मराठी लिहायचंय? शिफ्ट-कॅप्स दाबा आणि लिहायला लागा. दोनदा दाबलं गेलं तरी मराठीच. वाक्य सुरू करण्याआधी ती कळ दाबायची सवय बोटांना लागली की दर्शकाकडे बघावंच लागत नाही. कॅप्स लॉकचं मूळ काम जातं, पण मराठी इन्स्क्रिप्टमध्ये त्याची गरज कुठे पडते?

ज्यांना कॅप्स लॉक हवंच आहे त्यांच्यासाठी डाव्या कंट्रोलने पहिला लेआउट आणि उजव्या कंट्रोलने दुसरा, असाही पर्याय आहे. केडीईत तर लेआउटच्या यादीत प्रत्येक भाषेपुढे स्वतंत्र शॉर्टकट देता येतो.

दुसरा पर्याय जीआरपी_एलईडी, कोलन, स्क्रोल. याने पहिल्याखेरीज दुसरा लेआउट चालू असेल तेव्हा कीबोर्डावरचा स्क्रोल लॉकचा दिवा लागतो. मॉनिटर किती का असेनात, दिवा आपल्या हाताशीच असतो. स्क्रोल लॉकचा दिवाच नसलेले कीबोर्ड हल्ली खूप आहेत, तिथे स्क्रोलच्या जागी कॅप्स लिहा.

आणि जुने पर्याय साफ करायला विसरू नका. सेटएक्सकेबीमॅप डॅश ऑप्शन दर वेळी आधीच्या यादीत भर घालतं, जुनं काढत नाही. त्यामुळे नवं लावूनही जुनं अल्ट-शिफ्ट मागे चालूच राहतं. नुसतं डॅश ऑप्शन देऊन पुढे काहीच लिहिलं नाही की यादी रिकामी होते.

स्टुटगार्टकर
मी जर्मनीत असतो. कीबोर्ड जर्मन, कामाला इंग्रजी, घरी मराठी, म्हणजे तीन लेआउट. वाळवण, तुमच्या उपायात तिसरा कसा गाठायचा?

वाळवण
त्या पर्यायात दोनच लेआउट मिळतात, तिसऱ्यासाठी टॉगल जोडीला ठेवावं लागेल. इंग्रजीसाठी स्वतंत्र लेआउट खरोखर हवाय का तेही बघा. कळांवर जे छापलंय तेच चालत असेल तर जर्मन लेआउटवर इंग्रजी लिहिता येतं, आणि मग दोनच उरतात. तसंही एक्सकेबीत एका वेळी चारच लेआउट मावतात.

इन्स्क्रिप्ट कळेच्या जागेवर चालतं, तेव्हा जर्मन कीबोर्डावर वाय आणि झेड उलटे असले तरी मराठीला त्याचा त्रास नाही.

गारवा
प्रायमरी मॉनिटर बदलला, मान मोकळी झाली! एक राहिलं. मी आयबसमधून फोनेटिक वापरते. ते एक्सकेबीच्या लेआउटांत मोडतं का?

पेंग्विनवाट
नाही, तो वेगळा थर आहे. एक्सकेबी कळ दाबल्याबरोबर थेट अक्षर देतं. आयबस किंवा एफसीआयटीएक्स ५ कळा गोळा करून त्यांतून अक्षर बनवतात. विंडोगणिक भाषा लक्षात ठेवण्याचं सेटिंग या थरातही वेगळं असतं, म्हणून एकीकडे ग्लोबल केलं तरी दुसरीकडून त्रास चालू राहू शकतो. ग्नोममध्ये दोन्ही एकाच यादीत येतात, तेव्हा तुम्हाला कीबोर्डच्या पानावरचं सेटिंग पुरेल. एक्सएफसीईसारख्या ठिकाणी आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये ॲडव्हान्स्डच्या पानावर ‘सगळ्या ॲप्लिकेशनांत एकच इनपुट मेथड’ अशी खूण असते, ती करा. त्याच पानावर ‘सिस्टिमचा कीबोर्ड लेआउट वापरा’ हेही चालू करा, नाहीतर आयबस स्वतःचा लेआउट लावतं. एफसीआयटीएक्स ५ मध्ये ‘शेअर इनपुट स्टेट’ला ‘ऑल’ करा.

माझं मत विचाराल तर रोज पानंच्या पानं लिहिणाऱ्याने इन्स्क्रिप्ट शिकून घ्यावं आणि एक्सकेबीवरच राहावं. मधला एक थर गेला की बिघडायची एक जागा कमी होते. ‘ऱ्या’साठी ऱ शिफ्ट-जेवर, ळ शिफ्ट-एनवर, दोन्ही एका कळेत.

कोकणकडा
इन्स्क्रिप्टला +१. पण मूळ प्रश्नाकडे येऊ. डाव्या मॉनिटरवर कायम मराठी आणि उजव्यावर कायम इंग्रजी, असं कुणी खरंच केलंय का? शब्दवेल यांना मनातून तेच हवं असणार.

वाळवण
स्वे (वेलँडवर) आणि आय३ (एक्स११ वर) या विंडो मॅनेजरांमध्ये करता येतं, कारण तिथे प्रत्येक वर्कस्पेस कोणत्या ना कोणत्या मॉनिटरवर असते. स्वेमध्ये स्वेएमएसजीने वर्कस्पेसच्या घटना ऐकत राहायचं. फोकस बदलला की आलेल्या जेसनमध्ये ‘करंट’खाली ‘आउटपुट’ म्हणून मॉनिटरचं नाव मिळतं. डावा असेल तर एक्सकेबी_स्विच_लेआउट १, उजवा असेल तर ०. मोजणी शून्यापासून. आय३ वर ऐकायला आय३-एमएसजी आणि लेआउट बदलायला एक्सकेबी-स्विच नावाचा छोटा प्रोग्राम. पाच-सहा ओळींची स्क्रिप्ट होते.

मी वापरून पाहिलं आणि सोडून दिलं. उजवीकडे ब्राउझरमध्ये मराठी शब्द शोधायचा असतोच की. नियम मॉनिटरचा आणि गरज मजकुराची, त्यामुळे दोन्हींचा मेळ बसत नाही. थेट कळ त्याहून बरी.

शब्दवेल
वाळवण, तेच खरं. उजवीकडच्या शब्दकोशात मला मराठीच टाइप करायचं असतं.

फाइल बदलली, स्वल्पविरामासकट. ग्लोबली केलं, शिफ्ट-कॅप्स लावलं. आज दुपारी मॉनिटर झोपून उठला आणि मराठी जागेवर होती! माझ्या कीबोर्डाला स्क्रोल लॉकचा दिवा आहे, तोही लागतोय. बोटं अजून अल्ट-शिफ्टकडेच जातात, पण जमेल. दोघांचेही मनापासून आभार.

शेवटची शंका. आता मराठी पूर्ण सिस्टिमला लागलंय, तर लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड देवनागरीत तर नाही ना जाणार?

पेंग्विनवाट
यादीत ‘यूएस’ पहिला आहे तोवर नाही, लॉगिनचा पडदा पहिल्याच लेआउटवर सुरू होतो. म्हणून तो क्रम बदलू नका. स्क्रीन लॉकचं मात्र वेगळं आहे: मराठी चालू असताना लॉक झाला तर उघडतानाही मराठीच चालू असू शकते. पासवर्ड नाकारला गेला तर परत परत टाइप करण्याआधी दिव्याकडे बघा आणि एकदा कॅप्स लॉक दाबून मग टाका.